सहा हजार व्होल्टची गाय

३० सप्टेंबर, सोमवार

शोला अकरा दिवस उरले. सात शाळा, चारशे बारा मुलं, नऊ बस. आकडे पक्के आहेत, कारण प्रत्येक शाळेला मी दोनदा फोन केला.

दर ऑक्टोबरात आम्ही जिल्ह्यातल्या सातवीच्या मुलांना कॉलेजच्या मोठ्या सभागृहात बसवून उच्च दाबाची वीज दाखवतो. चित्रात नाही, समोर. एकतीस वर्षं हा शो व्हर्न पेनहेल करतात. त्याआधी ते तांब्याच्या खाणीत इलेक्ट्रिशियन होते. माझं हे तिसरं वर्ष. पद 'प्रात्यक्षिक तंत्रज्ञ', काम त्यांच्या उजव्या हाताचं. ते मला 'कांगास' म्हणतात, माझ्या फिनिश आडनावाने. चिडवायचं असलं तर 'कांगासबाई'. आयला हे माझं नाव त्यांना माहीत आहे की नाही, शंका आहे.

शेवटचा प्रयोग गाईचा. गाय म्हणजे खाण बंद झाली तेव्हा व्हर्ननी उचलून आणलेला, वीज साठवणारा तेलाचा कपॅसिटर: कमरेएवढा पत्र्याचा डबा, वर चिनीमातीचे दोन खुंट. तो सहा हजार व्होल्टपर्यंत भरायचा आणि तांब्याच्या तीन वेढ्यांतून एका क्षणात सोडायचा. वेढ्यांत ठेवलेल्या शीतपेयाच्या ॲल्युमिनियमच्या डब्याचे दोन तुकडे होतात. मधे काही हलत नाही, काही आदळत नाही. मुलं आधी किंचाळतात आणि मग एकदम गप्प होतात. त्या गप्प होण्यासाठी सगळा खटाटोप.

गाईला एक खोड आहे. रिकामी केली तरी ती पुरती रिकामी होत नाही. आतल्या कागदात आणि तेलात मुरलेला विद्युतभार तासातासाने परत वर येतो, कुणी न भरता. म्हणून काम संपलं की उरलेला भार जमिनीत सोडणारी अर्थिंगची काठी लावायची (व्हर्न तीनदा लावतात) आणि मग दोन्ही खुंट जोडणारं दावं बांधून ठेवायचं. दावं म्हणजे विणलेल्या तांब्याची रुंद पट्टी, टोकांना चिमटे. काठी व्हर्नची, दावं माझं. ते विचारतात, "गाय बांधली?" मी म्हणते, "बांधली." मग दिवे बंद.

३ ऑक्टोबर, गुरुवार

हवेत लांब ठिणग्या उडवणाऱ्या टेस्ला कॉइलची अर्थिंगची पट्टी तुटली. नवी यायला दहा दिवस लागतील म्हणे. तोवर गाईचं दावं काढून टेस्लाला लावलं. लांबी बरोबर आहे. गाईला साधी तांब्याची तार वळवून बांधली. उन्हाळाभर ती भरलेलीच नाही, तेवढं पुरे. व्हर्नना सांगितलं. ते पेस्टी, म्हणजे मांस-बटाट्याची मोठी करंजी, खात होते, मान हलवली.

"केचप टाकलंस?" माझ्या पेस्टीकडे बघून म्हणाले.

"हो."

"माझ्या आजोबांनी कॉर्नवॉलहून बोटीत बसून ही पेस्टी इथे आणली ती फिनलंडच्या लोकांनी तिच्यावर टोमॅटोचा चिखल ओतावा म्हणून."

मी अजून थोडं टाकलं.

८ ऑक्टोबर, मंगळवार

रंगीत तालीम. सभागृहात कडाक्याची थंडी. पंधरा तारखेच्या आधी हीटिंग सुरू करायचं नाही असा नियम आहे, मग बाहेर काहीही होवो. गोदामातलं खाकी जाकीट घालून काम केलं.

गाय तीनदा भरली, दर वेळी वीस मिनिटं सहा हजारांवर धरली. तीन डबे, सहा तुकडे. कडा स्वच्छ. सव्वाचारला, आवरताना, पश्चिमेकडच्या शाळेच्या बाईंचा फोन. त्यांना एकतीस मुलं वाढवायची आहेत. आजच सुचलं. दहावी बस लागेल का, हे त्या मला विचारत होत्या. व्हर्ननी काठी लावली: एक, दोन, तीन. "गाय बांधली?"

"बांधली," मी म्हटलं, आणि बाईंना सांगितलं की बसचं त्यांचं त्यांनी बघावं.

९ ऑक्टोबर, बुधवार

सुरक्षा कार्यालयाचा क्रेग डनलेव्ही आला. सगळ्या उपकरणांवर पिवळी लेबलं लावायची आहेत आणि प्रत्येकाचा फोटो काढायचा आहे. शोच्या दोन दिवस आधी.

"हे काय?" गाईवरचं झाकायचं कापड उचलत तो म्हणाला.

"वरच्या खुंटांना हात लावू नका."

"बाई, मी कशालाच हात लावत नाही. मी फक्त चिकटवतो."

हा त्याला विनोद वाटला. मधे दहा मिनिटं मला सामान उतरवून घ्यायला जावं लागलं. परत आले तर लेबल तिरकं लावून तो गेलेला. कापड परत घालायची तसदी त्याने घेतली होती, एवढंच.

१० ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी अपघात.

व्हर्न गाईचे खुंट फडक्याने पुसत होते. उजव्या हातात फडकं, डावा हात पॅंटच्या खिशात. मी टेस्लाच्या मागे होते. टक् असा आवाज झाला, लहानसाच. ते मागे फेकले गेले आणि व्यासपीठाच्या दोन पायऱ्यांवरून खाली आडवे. शुद्धीवर होते. मी आधी काठी घेतली आणि गाईला लावली. निळी ठिणगी दिसली. मग त्यांच्याकडे गेले. क्रम बरोबर होता.

गळ्याजवळचं हाड मोडलं. हृदयाचा आलेख ठीक. गाय बांधलेली नव्हती. खुंटांवर काहीच नव्हतं.

दिवसभर सात शाळांना फोन करून शो रद्द झाल्याचं सांगितलं. सभागृहाला पट्ट्या लावून कुलूप घातलं.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

व्हर्नना भेटले. लुईस, त्यांची बायको, विणकाम करत बसली होती.

"या बाई," ती म्हणाली. "याला समजवा. नर्सला सांगतो, मॉनिटरची वायर चुकीची गुंडाळलीय."

"चुकीचीच आहे," व्हर्न म्हणाले. मग माझ्याकडे मान वळवली. "कांगास, टेस्लाची नवी पट्टी आली का?"

"नाही अजून."

"हं," ते म्हणाले आणि डोळे मिटले. वेदनाशामकाचा परिणाम असावा. शो रद्द झालाय हेही त्यांच्या लक्षात नसावं.

मी सांगितलं की तार कुणी काढली ते मला ठाऊक आहे. बुधवारी कापड कुणी काढलं, फोटो कुणी काढला.

"सोडून दे," ते म्हणाले.

मी सोडून देणार नाही.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

प्राथमिक अहवाल आला. चार पानं. चारदा वाचला. इथे उतरवून ठेवते, म्हणजे मी वाढवून सांगते असं पुढे मलाही वाटायला नको.

एक: 'मंगळवारच्या तालमीनंतर श्री. पेनहेल यांनी उपकरण रिकामे केले नाही.' खोटं. मी समोर होते. काठी तीनदा लावली.

दोन: 'वयोमानानुसार श्री. पेनहेल यांच्या स्मरणशक्तीची व कार्यक्षमतेची तपासणी व्हावी.' एकोणसत्तर वर्षांचा हा माणूस चारशे मुलांसमोर एकही आकडा कागदावर न बघता दोन तास बोलतो.

तीन, आणि हे वाचून मी खुर्चीतून उठले: 'घटनेच्या वेळी श्री. पेनहेल यांचा एक हात खिशात होता. यातून कामाविषयीची बेफिकिरी दिसते.'

बेफिकिरी! वीज एका हातातून शिरून दुसऱ्या हाताने बाहेर पडली तर वाटेत छाती लागते. म्हणून एक हात खिशात. खाणीतल्या प्रत्येक इलेक्ट्रिशियनला हे पहिल्या दिवशी शिकवतात, मला व्हर्ननी पहिल्या तासाला शिकवलं. तो हात खिशात होता म्हणून आज या अहवालात 'जखमी' हा शब्द आहे आणि दुसरा नाही. ज्या सवयीने जीव वाचवला तीच गुन्हा म्हणून लिहिली आहे, स्वच्छ टंकात, सहीशिक्क्यासह.

चार: यापुढे शोऐवजी व्हिडिओ.

चौकशी समितीपुढे सुनावणी ३१ तारखेला.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

विभागप्रमुख डॉ. मार्केटी यांच्याकडे गेले. डनलेव्हीचा फोटो मागवून घेतला होता. त्यात दोन्ही खुंट उघडे दिसतात. बुधवार, अकरा वाजून चार मिनिटं. यापेक्षा वेगळा पुरावा काय हवा? फोटो नीट यावा म्हणून त्याने तार काढली.

"तो म्हणतो, कापड उचललं तेव्हा असंच होतं," मार्केटीबाई म्हणाल्या.

"मग तो खोटं बोलतो."

"आयला, हे तू लेखी देशील?"

दिलं. दीड पान. 'श्री. डनलेव्ही यांचे विधान असत्य आहे.' सही, तारीख.

२१ ऑक्टोबर, सोमवार

तीन दिवसांसाठी सभागृह उघडून मिळालं, सुरक्षा कार्यालयाचा माणूस दारात बसवून. गाय मंगळवारसारखीच तीनदा भरली, तितकाच वेळ धरली, काठी तीनदा लावली आणि मुद्दाम न बांधता सोडली. मीटर जोडून ठेवलं. व्हर्ननी ती रिकामी केली होती आणि तरीही ती परत भरली, हे आकड्यात दाखवायचं आहे. समितीत एकालाही यावर विश्वास नाही. एक जण म्हणाला, "रिकामी बादली आपोआप भरत नाही, मिस कांगास." मी म्हटलं, बादली नाही, स्पंज.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

पश्चिमेकडच्या शाळेतून एका मुलीचं पत्र आलं. तेरा वर्षं वय, पेन्सिलीने लिहिलेलं. कॉलेजने शोच्या बदल्यात शाळांना व्हिडिओ पाठवलाय म्हणे, मला कुणी सांगितलंही नाही. ती लिहिते: 'डबा फुटला. पण व्हिडिओत काहीही फुटतं. तो खरंच फुटतो का?'

ही एक ओळ मोठी करून अहवालाला जोडायला हवी. वीज दिसत नाही. म्हणून माणसं तिला घाबरत तरी नाहीत, नाहीतर नको तितकी घाबरतात. दोन्हींवर औषध एकच: समोर उभं राहून तो आवाज ऐकणं, तो वास नाकात जाणं, आणि काठी तीनदा का लावतात हे विचारणं. पडद्यावर कुणी काठी लावत नाही. पडद्यावर डबा फुटला की जाहिरात लागते.

तिला उत्तर लिहिलं: खरंच फुटतो. आणि वाईट वाटून घेऊ नकोस, तुझी शंका बरोबर आहे.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

आकडे आधी. एका तासाने १८० व्होल्ट. चार तासांनी ३०५. चोवीस तासांनी ४६०. चाळीस तासांनी ५१०. मंगळवारी संध्याकाळी सव्वाचार ते गुरुवारी सकाळी आठ दहा म्हणजे चाळीस तासांना पाच मिनिटं कमी. साडेसहा ज्यूल. माणूस पाडायला पुरेसे. व्हर्ननी गाय रिकामी केली होती, हे सिद्ध झालं.

आता दुसरं.

रात्रीपासून बर्फ पडतोय. सभागृहाचं हीटिंग बंद, कारण सभागृह 'वापरात नाही'. खुंटीवरचं खाकी जाकीट घातलं. आज नोंदी आवरून गाय रिकामी केली. काठी उजव्या हातात, डावा हात सवयीप्रमाणे खिशात.

खिशात तार होती.

बाहेर काढली. तांब्याची, साधी. दोन्ही टोकांना खुंटांच्या मापाचे वाक तसेच. तालमीत गाय भरण्याआधी मीच सोडून खिशात टाकलेली.

दारातल्या माणसाने विचारलं, "झालं का?" मी हो म्हटलं. गाय बांधायला गेले तेव्हा दावं टेस्लावर दिसलं. तीन आठवडे तिथेच आहे. मीच लावलं. या वहीत लिहिलंय, ३ ऑक्टोबर. आणि ८ ऑक्टोबरला लिहिलंय की मी फोनवर होते आणि 'बांधली' म्हटलं. बांधल्याचं कुठेच लिहिलेलं नाही. म्हटल्याचं लिहिलंय.

डनलेव्ही आला तेव्हा खुंट उघडेच होते. तो खरं बोलत होता. मी त्याला लेखी खोटारडा ठरवलंय, तारखेसह.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

व्हर्नच्या घरी गेले. लुईसने दार उघडलं. "आत या. एका हाताने टीव्ही दुरुस्त करतोय. टीव्ही बिघडलेला नाही."

तार टेबलावर ठेवली. व्हर्ननी ती बघितली, हात लावला नाही.

"कुठे होती?"

"जाकिटाच्या खिशात."

"मला वाटलंच. खिसा नाहीतर कचरापेटी."

"तुम्हाला माहीत होतं."

"पाठीवर पडल्यावर माणूस वरच बघतो, कांगास. खुंट उघडे दिसले. मान वळवली तर दावं टेस्लाला. झालं, कोडं सुटलं. मग दुखायला लागलं."

"मग बोलला का नाहीत?"

"मी एकोणसत्तरचा. माझ्या फायलीत चूक लिहिली तर फाईल कपाटात जाते. तुझ्या फायलीत लिहिली तर जिथे जाशील तिथे तुझ्याआधी पोचते."

"हे तुम्ही ठरवलंत."

"हो."

"मला न विचारता."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"अर्थात नाही म्हणाले असते!" मी माझ्या आवाजाने दचकले. आतून लुईसने विणकाम थांबवलेलं कळलं. "दोन आठवडे मी तुमच्यासाठी भांडतेय, रात्रंदिवस आकडे लावतेय, आणि तुम्ही इथे बसून माझ्यावर दया करताय? कुणी मागितली होती? तुमच्या स्मरणशक्तीची तपासणी होणार होती!"

"झाली असती. पास झालो असतो." ते हसले.

"मी डनलेव्हीला खोटारडा म्हटलंय. लेखी."

आता मात्र त्यांचं हसू गेलं. "ते वाईट झालं," ते म्हणाले.

मग मला जे विचारायचं होतं ते विचारलं. "गुरुवारी सकाळी. हात लावण्याआधी काठी लावायची. नेहमी लावता. का नाही लावली?"

त्यांनी तार माझ्या बाजूला सरकवली.

"तू बांधली म्हणाली होतीस."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

सुनावणी. पाच माणसं, लांब टेबल, वाडग्यात हॅलोविनच्या गोळ्या. व्हर्न गळ्यात झोळी घालून, टाय बांधून आलेले. डनलेव्हीही होते. आधी आकडे सांगितले. मग ही वही उघडली आणि ३ आणि ८ ऑक्टोबरच्या नोंदी वाचल्या, केचपसकट, कारण मधलं गाळलं तर पुरावा राहत नाही.

"ही खासगी वही आहे ना?" डनलेव्हींनी विचारलं.

"होती."

मग १८ तारखेचं पत्र मागे घेतलं. त्यांच्याकडे बघून म्हटलं, "तुम्ही खरं सांगितलंत. मी तपासलं नाही. माफ करा." त्यांनी मान हलवली. गोड बोलले असते तर मला सोसलं नसतं.

व्हर्न उठले. "काठी मी लावली नाही. हेही लिहा. मुलीने एकटीने सगळं न्यायचं ठरवलेलं दिसतंय."

"मिस कांगास," मी म्हटलं. मुलगी नाही.

"मिस कांगासने," ते म्हणाले.

खिशातल्या हाताबद्दल मी बोलायला लागले आणि माझा आवाज चढला. चढू दिला. माझी चूक माझी आहे, म्हणून अहवालातली ती ओळ बरोबर ठरत नाही. डनलेव्हींनी मधेच थांबवलं. वाटलं, आता वाद. ते म्हणाले, "एक मिनिट. म्हणजे दुसरा हात बाहेर असता तर...?"

"तर आज तुमच्यासमोर लुईस पेनहेल बसल्या असत्या."

ते लिहून घेत होते. "हे आम्हाला कधी कुणी सांगितलं नाही," ते म्हणाले.

कसं सांगणार? त्यांना व्हिडिओ दाखवला असेल.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

अंतिम अहवाल. व्हर्ननी गाय रिकामी केली नाही, हे वाक्य गेलं. वयाचं वाक्य गेलं. त्यांच्या नावापुढे एकच ओळ: हात लावण्याआधी काठी लावली नाही. त्यांनी ती मोठ्याने वाचली आणि म्हणाले, "बरोबर आहे." 'एक हात खिशात' ही ओळ 'बेफिकिरी'तून उचलून 'शिफारस केलेल्या पद्धती'त टाकली आहे. ज्याने आधीचं वाक्य लिहिलं त्याचीच सही खाली आहे.

मला लेखी ताकीद. सहा महिने कपॅसिटरला हात लावायचा नाही. ताकीद फायलीत गेली. जाऊ दे माझ्याआधी.

शोचं एप्रिलमध्ये बघू, असं लिहिलंय. 'बघू' म्हणजे काय, ते मी दर सोमवारी विचारणार आहे. त्या मुलीला कळवलंय.

टेस्लाची नवी पट्टी आली, दहा दिवसांची सहा आठवड्यांनी. दावं परत गाईकडे. आज दुपारी व्हर्न झोळीतून हात काढून आले. डॉक्टरने अजून परवानगी दिलेली नाही, हे लुईसने मला फोनवर आधीच सांगून ठेवलं होतं. गाईची विद्युतगळती तपासायची होती. मी गाईभोवती आखलेल्या पिवळ्या रेषेच्या अलीकडे खुर्चीवर बसून आकडे लिहिले. काठी त्यांची, आणि आता दावंही त्यांचंच.

काम संपलं. काठी एक, दोन, तीन. मग त्यांनी कोट चढवला, एका बाहीतून, दुसरी खांद्यावर नुसती टाकून.

"गाय बांधली?" मी विचारलं.

"बांधली."

मी उठले. रेषेच्या कडेकडेने बारा पावलं चालून मागच्या बाजूला गेले, जिथून दोन्ही खुंट दिसतात, आणि वाकून बघितलं.

"एकतीस वर्षं," व्हर्न दारातून म्हणाले. "एकतीस वर्षं मी हे काम करतोय, कांगासबाई. विश्वास नाही का?"

"नाही."

त्यांना ते उत्तर इतकं आवडलं की ते जिन्यावरून उतरेपर्यंत हसत होते. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. दोन्ही चिमटे जागेवर होते. दिवे मी बंद केले.